लाकडाच्या चिप्समधील साल : लगद्याची प्रत बिघडते, दर कुणाचा घसरतो?

नीलगिरी, सुबाभूळ आणि सुरूच्या लाकडाला गेल्या काही वर्षांत कागदगिरण्यांकडून चांगली मागणी आहे. लाकूड कमी पडत असल्याने अनेक ठिकाणी सालीसकट, बारीक आणि कोवळा मालही उचलला जातो. ‘सालीसकट वजन भरते, मग मजुरी घालून साल कशाला काढायची?’ असे अनेक शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर देण्याआधी साल गिरणीत गेल्यावर नेमके काय नुकसान करते आणि ते नुकसान शेवटी कुणाच्या दरातून वळते होते, हे समजून घ्यायला हवे. या लेखात त्याचा हिशेब मांडला आहे. सोलणी कधी करावी, घट कशी तपासावी आणि सौदा करताना काय विचारावे, तेही दिले आहे.

आत्ता हा विषय का महत्त्वाचा?

देशात कागदासाठी लागणारे लाकूड आज मुख्यतः शेतातून येते. सरकारी जंगलातील बांबू आणि लाकडावर चालणाऱ्या गिरण्यांना गेल्या तीन-चार दशकांत शेतकऱ्यांच्या लागवडीकडे वळावे लागले. भद्राचलमच्या क्लोन नीलगिरीची लागवड याच गरजेतून वाढली. २०१४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृषी-वनीकरण धोरण आणले. जून २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी राज्यांना नमुना नियम दिले. शेतातील झाड पिकासारखे विकता यावे, अशी या सगळ्यामागची दिशा आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. बल्लारपूरची कागदगिरणी चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. चंद्रपूरला लागून तेलंगणात सिरपूर-कागजनगरची गिरणी आहे. काही वर्षे बंद राहिल्यानंतर २०१८ मध्ये ती जेके पेपर समूहाकडे गेली. याच समूहाची गुजरातमधील सोनगडची गिरणी नवापूर-नंदुरबार पट्ट्याला जवळ पडते. दक्षिणेकडे कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याच्या बाजूने कर्नाटकातील दांडेलीची गिरणी आहे.

दुसरी बाजू आयातीची आहे. गिरण्यांचा लाकडाचा खर्च वाढला आणि त्याच वेळी परदेशातून स्वस्त कागद व बोर्ड येऊ लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या बहुस्तरीय पेपरबोर्डवर टनाला ६७,२२० रुपये अशी किमान आयात किंमत ३१ मार्च २०२६ पर्यंत लावली. आयातीचा दबाव किती होता, हे यावरून दिसते. इंडोनेशिया, ब्राझीलसारख्या देशांतून तयार लगदाही येतो. ब्राझीलमध्ये जुलै २०२४ मध्ये वर्षाला २५.५ लाख टन क्षमतेचा एकच नीलगिरी लगदा कारखाना सुरू झाला. तुमचे लाकूड बल्लारपूरला जावो की सोनगडला, त्याची स्पर्धा अशा लगद्याशी आहे. गिरणी तुमच्या लाकडाला किती दर देऊ शकते, हे एक टन लाकडातून किती आणि किती स्वच्छ लगदा निघतो यावर ठरते. सालीचा मुद्दा इथे येतो.

साल लाकडापेक्षा वेगळी कशी?

कागदाला हवा असतो तंतू. नीलगिरीच्या लाकडातील तंतू साधारण पाऊण ते एक मिलिमीटर लांबीचे असतात. ते आखूड असले तरी एकसारखे असल्याने छपाईच्या कागदाला गुळगुळीत पृष्ठभाग देतात. लाकडात हे तंतू लिग्निन नावाच्या नैसर्गिक गोंदाने चिकटलेले असतात. लिग्निन विरघळवून तंतू सुटे करणे म्हणजे लगदा तयार करणे.

साल हे झाडाचे संरक्षक आवरण आहे. तिच्यात उपयोगी तंतू कमी आणि टॅनिन, रंगद्रव्ये, मेणचट पदार्थ, बुचासारखा भाग व खनिजे जास्त असतात. खोडातील कॅल्शियमचा मोठा वाटा सालीत असतो. शिवाय तोडताना, ओढताना, रचताना लागलेली माती आणि वाळू सालीच्या भेगांतच बसते. म्हणून साल म्हणजे कमी तंतू, जास्त रसायन खाणारा आणि जास्त राख देणारा माल.

गिरणीत टप्प्याटप्प्याने काय होते?

*चिपर आणि वाहक पट्टे.* लाकडाचे साधारण २० ते २५ मिलिमीटर लांब आणि ३ ते ८ मिलिमीटर जाड तुकडे केले जातात. नीलगिरीची साल दोरखंडासारख्या लांब पट्ट्यांत सुटते. ती पट्ट्यांना आणि रोलरना गुंडाळते, चाळण्या तुंबतात. सालीतील वाळूने चिपरची पाती लवकर बोथट होतात. बोथट पात्यांमुळे चिप्स एकसारखे पडत नाहीत. जाड चिप्स कच्चे राहतात आणि भुसा जास्त शिजून वाया जातो.

*शिजवण.* चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली १६० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजवतात. साल हे द्रावण भराभर खाते, पण त्या मानाने तंतू देत नाही. द्रावण सालीत खर्च झाले, की लाकडातील लिग्निन अर्धवट राहते. गिरणीची प्रयोगशाळा हे कप्पा नंबरवरून मोजते. कप्पा नंबर जास्त म्हणजे लगद्यात लिग्निन जास्त शिल्लक. तो खाली आणायचा तर सोडा वाढवावा लागतो.

*उतारा.* शंभर टन कोरड्या लाकडातून या पद्धतीने साधारण ४५ ते ५० टन लगदा मिळतो. सालीचा उतारा याच्या निम्म्याच्या आसपास असतो. हिशेबासाठी लाकडाचा उतारा ४६ टक्के आणि सालीचा २५ टक्के धरू. एक हजार टन कोरड्या चिप्समध्ये साल १ टक्का असेल, तर सुमारे ४५८ टन लगदा निघेल. साल ८ टक्के असेल, तर ४४३ टन. म्हणजे तेवढ्याच वजनाचा माल घेऊन गिरणीला १५ टन लगदा कमी मिळतो. वाढलेल्या सोड्याचा खर्च वेगळा.

*धुलाई.* सालीचे बारीक कण लगद्यातून पाणी निथळू देत नाहीत. धुलाई अपुरी झाली, की काळे द्रावण पुढच्या टप्प्यात जाते.

*विरंजन.* पांढऱ्या कागदासाठी लगदा क्लोरीन डायऑक्साइड, ऑक्सिजन, पेरॉक्साइड यांनी उजळवतात. सालीतील रंगद्रव्ये आणि उरलेले लिग्निन यामुळे ही महाग रसायने जास्त लागतात. तरीही बुचासारखे आणि कठीण कण पूर्ण विरघळत नाहीत. ते कागदावर तपकिरी ठिपके म्हणून दिसतात. वही किंवा पुस्तकाच्या कागदावर असा ठिपका आला, की रीळ खालच्या प्रतीत जाते.

*कागद यंत्र.* मेणचट पदार्थ चिकट गोळे बनवून जाळीवर आणि रोलरवर बसतात. कागदाला भोके पडतात, कागद तुटतो, यंत्र थांबवून साफ करावे लागते.

*रसायनांची परतफेड.* वापरलेले काळे द्रावण आटवून आणि जाळून गिरणी त्यातील सोडा परत मिळवते. सालीतून आलेले कॅल्शियम नळ्यांच्या आत चुन्यासारखे थर धरते. पोटॅशियम आणि क्लोराइड वाढले, की बॉयलरच्या नळ्यांवर चिकट राख बसते. हे नुकसान एका गाडीत दिसत नाही, पण काही आठवड्यांनी गिरणी बंद ठेवून साफसफाई करावी लागते.

म्हणून साल आलेल्या मालाची कपात करताना गिरणी फक्त सालीचे वजन वळते करत नाही. पुढचा हा सगळा खर्च ती आधीच दरात धरून चालते.

किती साल चालते?

पांढऱ्या लिहिण्या-छपाईच्या कागदासाठी चिप्समध्ये वजनाने साधारण १ टक्क्याच्या आत साल असावी, असे गिरण्या पाहतात. खोक्यांसाठी लागणाऱ्या तपकिरी कागदात थोडी जास्त चालते, कारण तिथे विरंजन नसते आणि ठिपका लपतो. त्यामुळे एकाच परिसरातील दोन खरेदीदारांच्या अटी वेगळ्या असू शकतात. तुमचा माल कोणत्या प्रकारच्या कागदासाठी जातो, हे आधी विचारा.

सुटी साल आणि चिकटलेली साल यातही फरक आहे. सुटी साल चाळणीत बरीचशी वेगळी होते. चिपला घट्ट चिकटलेली साल चाळणीतून निघत नाही, ती थेट शिजवणीत जाते. वाळलेल्या लाकडाचे सालीसकट चिप्स केले, की चिकटलेली साल जास्त येते.

जळालेल्या लाकडाबाबत विशेष काळजी घ्या. उन्हाळ्यात बांधावरचा वणवा प्लॉटमध्ये शिरला, तर बुंध्याची साल कोळसा होते. कोळसा शिजवणीत विरघळत नाही आणि विरंजनातही पांढरा होत नाही. काही मोजकी जळकी लाकडे अख्ख्या गाडीचा माल नाकारायला पुरेशी ठरतात. असे लाकूड वेगळे रचा, पूर्ण सोला, काळा भाग तासून काढा किंवा ते सरपणात विका.

बारीक लाकूड म्हणजे जास्त साल

टंचाईत गिरण्या बारीक घेराचे लाकूड घेतात, म्हणून वेळेआधी तोड करण्याचा मोह होतो. इथे साधे गणित पाहा. साल ४ मिलिमीटर जाड धरली, तर सालीसकट ६ सेंटिमीटर व्यासाच्या लाकडात आकारमानाने जवळपास २५ टक्के साल असते. १२ सेंटिमीटर व्यासात ती १३ टक्क्यांवर येते आणि १५ सेंटिमीटरला १० टक्क्यांवर. प्रत्यक्षात कोवळ्या खोडाची साल थोडी पातळ असते, पण कल हाच राहतो.

म्हणजे दोन-तीन वर्षांच्या प्लॉटमधून तुम्ही विकता त्यातील मोठा भाग साल आणि पाणी असतो. कोवळ्या लाकडाची घनताही कमी असते, त्यामुळे एकरी वजन कमी भरते. बारीक लाकूड सोलायला टनामागे मजुरीही जास्त लागते. पैशाची निकड नसेल, तर खोड भरू देणे हाच सालीचे प्रमाण कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी लागवडीचे अंतर, विरळणी आणि खोडव्यात एका खुंटावर दोनच जोमदार फुटवे ठेवणे या गोष्टी सुरुवातीपासून सांभाळा.

सालीसकट विकावे की सोलून?

याचे एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. हिशेब मात्र सोपा आहे. चार आकडे हवेत : सालीसकटचा दर, सोललेल्या मालाचा दर, सोलणीची मजुरी आणि सालीचे प्रमाण. वाहतूक तुमच्याकडे असेल, तर तिचा खर्च हा पाचवा आकडा.

खालील आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या भागातील चालू दर घालून तो पुन्हा करा.

- सालीसकट दर : टनाला ५,००० रुपये
- सोललेल्या मालाचा दर : टनाला ६,२०० रुपये
- सोलणीची मजुरी : सोललेल्या टनाला ३५० रुपये
- साल : वजनाच्या १२ टक्के

सालीसकट एक टन विकला, तर ५,००० रुपये. तोच टन सोलला, तर ८८० किलो उरतो. मजुरी वजा जाता हाती येतात (६,२०० – ३५०) × ०.८८ = ५,१४८ रुपये. टनाला १४८ रुपये फायदा.

वाहतूक तुमच्या खर्चाने, टनाला ८०० रुपये असेल, तर सालीसकट हाती ४,२०० रुपये आणि सोलून (६,२०० – ३५० – ८००) × ०.८८ = ४,४४४ रुपये. फायदा २४४ रुपयांवर जातो, कारण साल गाडीतून नेण्याचे भाडे वाचते. गिरणी जितकी लांब, तितकी शेतात सोलणी फायद्याची.

आता सोललेल्या मालाचा दर ६,२०० ऐवजी ५,८०० रुपये धरा. वाहतूक खरेदीदाराची असेल तर हाती ४,७९६ रुपये येतात, तुमची असेल तर ४,०९२ रुपये. दोन्ही वेळा सालीसकट विकणेच बरे. या उदाहरणात वाहतूक खरेदीदाराची असताना सोललेल्या मालाला किमान ६,०३२ रुपये मिळाले, तरच बरोबरी होते. व्यापारी ‘सोललेल्याला थोडे जास्त देऊ’ म्हणतो, तेव्हा ते ‘थोडे’ पुरेसे आहे का, हे या गणिताने तपासा.

घट तोंडी मान्य करू नका

सालीसकट माल घेताना व्यापारी अंदाजे घट धरतात. ही घट कशी ठरवली, हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. पुढील चाचणी शेतातच होते.

१. गाडीतील मालाच्या प्रमाणात जाड, मध्यम आणि बारीक अशी मिळून दहा-बारा ताजी लाकडे निवडा.
२. सालीसकट वजन करा.
३. पूर्ण सोलून लगेच पुन्हा वजन करा.
४. वजनातील फरकाला पहिल्या वजनाने भागून १०० ने गुणा. ही तुमच्या मालातील सालीची टक्केवारी.

समजा, तुमची साल १० टक्के निघाली आणि घट १५ टक्के कापली जात आहे. ६० टनांच्या तोडीवर हा फरक ३ टनांचा होतो. टनाला ५,००० रुपये दराने १५,००० रुपये. अर्ध्या तासाच्या मोजणीसाठी ही रक्कम लहान नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील दोन-तीन प्लॉटवर ही चाचणी सर्वांसमोर करून जात, वय आणि घेरानुसार नोंद ठेवावी. पुढच्या हंगामात ती सौद्याला आधार होते.

शेतावर किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या जागेवर चिप्स होत असतील, तर ढिगाच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि खोलीवरून मिळून १० किलो नमुना घ्या. ताडपत्रीवर पसरून साल हाताने वेगळी करा. चिकटलेली साल चाकूने सोडवा. १०० ग्रॅम साल निघाली, तर प्रमाण १ टक्का. ३०० ग्रॅमच्या पुढे गेले, तर माल पाठवण्याआधी सोलणी सुधारा. गिरणीच्या दारात नाकारलेल्या गाडीचे परतीचे भाडे या चाचणीपेक्षा कितीतरी महाग पडते.

सोलणी कधी आणि कशी?

- ताज्या लाकडाची साल सहज निघते. तोड केल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सोलणी उरका. साल वाळली की लाकडाला धरून बसते आणि मजुरी वाढते. दिवसभरात जेवढे सोलून होईल, तेवढेच तोडा.
- हंगामाचा फरक पडतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर झाडात रस वाहत असताना साल पट्ट्यांनी सुटते. कडक उन्हाळ्यात आणि पाण्याचा ताण असताना ती चिवट होते. पावसानंतर जमिनीला वाफसा आल्यावर, पण ओल टिकून असताना केलेली तोड सोलणीला सोयीची.
- पद्धत. कोयत्याने उभी चीर द्या, टोकाकडून साल उचकटून लांब ओढा. चिवट ठिकाणी लाकडी मोगरीने ठोकून सैल करा. फांद्यांचे बेचके आणि गाठी यांच्याभोवतीची साल बहुतेक राहून जाते, तिथे लक्ष द्या.
- यंत्र. ट्रॅक्टरवर चालणारी सोलणी यंत्रे सरळ आणि एकसारख्या जाडीच्या लाकडावर चांगली चालतात. वाकड्या, दुबेळक्याच्या आणि फार बारीक लाकडावर साल शिल्लक राहते. यंत्र भाड्याने घेण्याआधी तुमच्याच प्लॉटमधील माल घालून पाहा.
- माती टाळा. सोललेले लाकूड ओलसर आणि चिकट असते. मातीत ओढले, तर वाळू चिकटते आणि सोलणीचा अर्धा फायदा जातो. दोन आडव्या लाकडांवर थर रचा. सुतळी, प्लास्टिक, तार मालात जाऊ देऊ नका.

सोलण्याआधी गाडी ठरवा

सोलणीतील सर्वांत मोठा छुपा तोटा वजनाचा आहे. सोललेले लाकूड सालीसकट लाकडापेक्षा खूप लवकर वाळते. ताज्या लाकडात वजनाने निम्मे पाणी धरले, तर एका टनात ५०० किलो कोरडे लाकूड असते. ओलावा ५० वरून ३० टक्क्यांवर आला, की तोच माल ७१४ किलो भरतो. लाकूड तेवढेच, पण काट्यावर २८६ किलो कमी. दर ओल्या वजनावर असेल, तर हे नुकसान पूर्णपणे तुमचे.

म्हणून गाडी आणि गिरणीतील पाळी निश्चित झाल्यावरच तोड आणि सोलणी सुरू करा. खरेदीदार ओलावा मोजून कोरड्या वजनावर पैसे देत असेल, तर घाई नाही. उलट वाळलेल्या मालाने भाडे वाचते. सौद्याच्या वेळी हा प्रश्न स्पष्ट विचारा.

सालीसकट माल शेतात पडून राहिला, तर वजन हळू उतरते, पण सालीखाली ओल टिकल्याने बुरशी आणि भुंगेरे लागतात. तो प्रकारही लांबवू नका.

सोललेली साल कुठे जाते?

साल गिरणीला गेली, तर बॉयलरमध्ये जळते किंवा ढिगात पडते. शेतात राहिली, तर तिच्यातील कॅल्शियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जमिनीला परत मिळते. नीलगिरीसारख्या झाडात दर तोडीला मोठ्या प्रमाणात अन्नद्रव्ये शेताबाहेर जातात. साल आणि पाला शेतात ठेवणे हा ती गळती कमी करण्याचा सोपा मार्ग आहे. ब्राझीलमध्ये अनेक ठिकाणी तोडणी यंत्र शेतातच साल सोलते आणि ती ओळींमध्ये पसरून ठेवली जाते. ओल टिकते आणि तणही दबते.

दोन गोष्टी सांभाळा. साल खुंटांवर टाकू नका, नवे फुटवे दबतात. साल ओळींच्या मधल्या जागेत पसरा. ती मातीत गाडूही नका. तिच्यात कार्बन जास्त आणि नत्र फार कमी असल्याने कुजताना ती मातीतील नत्र अडवते आणि पुढचे पीक पिवळे पडते. पृष्ठभागावर आच्छादन म्हणून ठेवल्यास हा त्रास कमी होतो. उन्हाळ्यात वाळलेल्या सालीला आग लवकर लागते, म्हणून प्लॉटभोवती जाळरेषा ठेवा.

सौदा आणि कागदपत्रे

सौदा करताना पुढील प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या.

- दर सालीसकटचा की सोललेल्या मालाचा? दोन्हीचे दर किती?
- घट किती टक्के, आणि ती मोजून की अंदाजाने?
- वजन कुठल्या काट्यावर, ओले की कोरडे?
- किमान घेर किती? जळके, पोकळ, वाकडे लाकूड चालते का?
- साल जास्त निघाली तर कपात कशी? माल नाकारला तर भाडे कुणाचे?
- पैसे किती दिवसांत, थेट खात्यावर का?

महाराष्ट्रातील १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, मोह, आंबा अशी झाडे आहेत. नीलगिरी आणि सुबाभूळ त्यात नाहीत. तरीही लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या आणि तोडीपूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतुकीचे नियम विचारा. राज्याबाहेर माल जाणार असेल, तर डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणालीवरून परवाना किंवा, सूट असलेल्या जातींसाठी, ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. चेकपोस्टवर दोन दिवस अडकलेली सोललेल्या लाकडाची गाडी वजनातच तुमचे पैसे खाते.

पुढे काय?

टंचाईत खरेदीदार साल आणि घेर याबाबत सैल होतो. पुरवठा वाढला किंवा बाहेरचा लगदा स्वस्त झाला, की तोच खरेदीदार सगळ्या अटी कडक करतो. आज लावलेली रोपे चार-पाच वर्षांनी तोडीला येतील. दर चांगले आहेत म्हणून सगळीकडे लागवड वाढते आहे, त्यामुळे तो माल एकाच वेळी बाजारात येण्याची शक्यता मोठी. तेव्हा आधी नाकारला जाईल तो बारीक, मातीने भरलेला, साल चिकटलेला माल.

दुसरीकडे, गिरण्यांनीही दोन दरांतील फरक मजुरी भागेल इतका ठेवला पाहिजे. सोललेल्या मालाला योग्य जादा दर नसेल, तर शेतकरी साल सोलणार नाही आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही. ही मागणी एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. एका परिसरातील वीस-पंचवीस लागवडदारांनी गट करून, चाचणीच्या नोंदी घेऊन, एकत्र तोड ठरवून गिरणीशी थेट बोलले, तर घट मोजून धरणे आणि सोललेल्या मालाला वेगळा दर या दोन गोष्टी मागता येतात. विस्तार कार्यकर्त्यांनी यंदाच्या तोडीपासूनच सालीच्या नोंदी गोळा करायला सुरुवात करावी.